जुलाब-उलट्या: घरी थांबायचं की दवाखाना गाठायचा?

मूल खेळतंय, हाक मारली की हसतंय, पाणी नीट पितंय आणि लघवी नेहमीसारखी होतेय, तर चार-पाच जुलाब झाले तरी घरी थांबता येतं. ओआरएसचं मोठं पाकीट 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खं कालवा. अंदाजाने पेल्यात चिमूटभर टाकू नका. उलटी झाली की दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजा. अंगावरचं दूध, मऊ वरणभात चालू ठेवा. पोट रिकामं ठेवायची आपल्याकडची जुनी सवय मला फार खटकते. मोठ्यांची जुलाब थांबवणारी गोळी तर नकोच.

दवाखान्याचा निर्णय मात्र जुलाबांच्या आकड्यावर ठरत नाही. सहा-आठ तास लघवी नाही, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल गेलेत, तान्ह्याची टाळू बसलीय, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश परत जाते, पाजलेलं काहीच टिकत नाही, मूल मलूल पडलंय: यातलं एकही दिसलं की निघा. शौचातून रक्त, हिरवी उलटी किंवा पोटात उजवीकडे खालच्या बाजूला वाढत जाणारं दुखणं असेल तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी घरचा पर्याय मी धरतच नाही.