स्वयम्‌वरील एनपीटेलचे अभ्यासक्रम : वर्गाच्या दोन्ही बाजूंनी

‘स्वयम्’ हे केंद्र सरकारने 2017 साली सुरू केलेले ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ असून, त्यावरील अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम एनपीटेल, म्हणजे आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांचा संयुक्त उपक्रम, चालवतो. शिकणे विनामूल्य आहे. शुल्क भरावे लागते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवताना आणि मेंटॉर म्हणून विद्यार्थ्यांचे गुण पाहताना माझे मत असे झाले आहे की, आशय उत्तम असला तरी त्याचा उपयोग किती होणार, हे महाविद्यालय त्यासाठी किती वेळ देते यावरच ठरते.

प्रोग्रामिंगच्या अभ्यासक्रमांत हे व्यासपीठ विशेष उजवे ठरते. विद्यार्थी तिथेच प्रोग्राम लिहितो, तो प्रोग्राम तपासणाऱ्या काही चाचण्या त्याला दिसतात आणि काही मुदत संपेपर्यंत झाकलेल्या असतात. त्यामुळे दिसणाऱ्या उदाहरणापुरते उत्तर जुळवून भागत नाही. रिकामी यादी किंवा ऋण संख्या आली तर काय होईल, याचा विचार करावाच लागतो. ही शिस्त साठ जणांच्या प्रयोगशाळेत मला एकटीला लावता येत नाही. पॉइंटरसारखा (संगणकाच्या स्मृतीतील पत्ता साठवणारे चल) अवघड भाग पुन्हा पुन्हा पाहता येतो, हेही विद्यार्थी आवर्जून सांगतात. मराठी माध्यमातून आलेल्यांना मात्र इंग्रजी व्याख्यानाचा वेग जड जातो, आणि अनुवादित साहित्य उपलब्ध असते याची त्यांच्यापैकी अनेकांना कल्पनाच नसते.

अंतिम गुणांत साप्ताहिक गृहपाठाला 25 टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला 75 टक्के भार आहे, आणि ही विभागणी मला अत्यंत योग्य वाटते. बहुपर्यायी गृहपाठाची उत्तरे मोबाईलवर फिरतात; गृहपाठात नव्वदच्या पुढे असणारा विद्यार्थी परीक्षेत काठावर येतो, तेव्हा ही नक्कल लपत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या विनियमांनी सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम्‌वरून करण्याची मुभा दिल्यापासून, आपले तास जातील अशी धास्ती अनेक सहकाऱ्यांना वाटते. ती अनाठायी नाही. नोंदणीची संख्या वाढवायची, पण वेळापत्रकात एकही तासिका ठेवायची नाही, ही पद्धत विद्यार्थ्यांवर अन्याय करणारी आहे. आठवड्यातून एक तास प्राध्यापकासमोर शंका मांडता आल्या, तर मी हे अभ्यासक्रम निःशंकपणे सुचवेन. केवळ श्रेयांक जमवायचे असतील, तर सुचवणार नाही.