कॅल्शियम फ्लोराइडच्या खिडक्या : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

इन्फ्रारेड वर्णपटमापकाच्या द्रव-सेलमध्ये (दोन पारदर्शक खिडक्यांमध्ये द्रव नमुना धरणाऱ्या कुपीत) पोटॅशियम ब्रोमाइडऐवजी कॅल्शियम फ्लोराइडच्या खिडक्या बसवून बरेच महिने झाले. नुकताच त्यांपैकी एकीला तडा गेला आणि ‘हाताळणीतील दोष’ एवढे कळवून विक्रेत्याने ती बदलून देण्यास नकार दिला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

अशा सेलमधील एका खिडकीला नमुना भरण्यासाठी दोन छिद्रे असतात. तडा त्यांतील एका छिद्राच्या काठावर सुरू होऊन थेट कडेपर्यंत गेला आहे, आणि भिंगाखाली तुटलेला पृष्ठभाग आरशासारखा सपाट दिसतो. या स्फटिकाचे अष्टफलकाच्या पृष्ठांना समांतर सहज पाटन होते, म्हणजे त्या पातळ्यांवर तो सपाट दुभंगतो, आणि त्याचे उष्णतेने होणारे प्रसरण साध्या काचेच्या सुमारे दुप्पट असते, त्यामुळे पदार्थच नाजूक अशी माझी आधी समजूत झाली होती.

ते मत आता राहिलेले नाही. हा स्फटिक घन (क्यूबिक) प्रणालीचा असल्याने त्यात ताण नसेल तर तो परस्परांना काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझरांमध्ये (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या गाळण्यांमध्ये) काळाच दिसला पाहिजे. बिनछिद्राची खिडकी, इतके महिने वापरूनही, तशीच दिसते. पण त्याच खेपेतील, पाकिटातून प्रथमच काढलेल्या छिद्रांच्या जादा खिडकीत प्रत्येक छिद्राभोवती पाकळ्यांच्या आकाराचा उजेड स्पष्ट दिसला. हाताळणीचा प्रश्न येतोच कुठे? छायाचित्र पाठवूनही उत्तर तेच आले.

असा ताण राहू नये याची काळजी घडणीतच घ्यावी लागते. कॅल्शियम कार्बोनेटवर हायड्रोफ्लोरिक आम्लाची क्रिया करून मिळालेली शुद्ध भुकटी निर्वात भट्टीत सुमारे १४१८ अंश सेल्सिअसला वितळवतात. ऑक्सिजन शिल्लक राहिल्यास स्फटिक गढूळ होतो, म्हणून तो काढून नेण्यासाठी थोडे लेड फ्लोराइड घालतात. मूस हळूहळू थंड भागात उतरवून स्फटिक वाढवल्यावर तो पुन्हा तापवून अतिशय सावकाश निववावा लागतो. या निववण्यात किंवा नंतर छिद्रे पाडताना घाई झाली की ताण आत राहतो.

पदार्थाबद्दल मात्र तक्रार नाही. ब्रोमाइडच्या खिडक्या दमट हवेनेही धुरकट होत आणि पुन्हापुन्हा घासाव्या लागत. कॅल्शियम फ्लोराइड लिटरभर पाण्यात जेमतेम १६ मिलिग्रॅम विरघळते, त्यामुळे तो खर्च आणि वेळ पूर्ण वाचला. अपवर्तनांक सुमारे १.४३ असल्याने परावर्तनात फारसे नुकसान होत नाही. प्रति सेंटीमीटर सुमारे ११०० तरंगांच्या खाली प्रकाश अडतो, पण प्रथिनांचा १६५० जवळचा पट्टा पाहणाऱ्यांना त्याची अडचण नाही. आम्ले आणि अमोनियम क्षारांची द्रावणे यात भरू नयेत. संहत सल्फ्युरिक आम्ल तर त्यातून घातक हायड्रोजन फ्लोराइड मुक्त करते.

पुढील मागणी मी बिनछिद्राच्या खिडक्यांचीच नोंदवली आहे. पाण्यातील प्रथिनांसाठी खिडक्यांमधील अंतर १० मायक्रॉनांहून कमी ठेवावे लागते आणि इतक्या अरुंद फटीत छिद्रातून द्रव ढकलायला बराच दाब लागतो. त्यापेक्षा खालच्या खिडकीवर थेंब ठेवून वरची हलकेच टेकवणे सोपे जाते.