रावपुऱ्यातील मीटर-कारागीर आणि मॉरिस मायनरचा पेट्रोलचा काटा

आमच्या १९५६ सालच्या मॉरिस मायनर मोटारीचा पेट्रोलचा काटा टाकी काठोकाठ भरली तरी पाऊणच्या वर चढत नसे आणि टाकी रिकामी झाली तरी पावाच्या खाली उतरत नसे. एका गॅरेजने सरळ नवे मीटर बसवण्याचा सल्ला दिला होता. बडोद्याच्या रावपुऱ्यातील एका छोट्या दुकानात हेच काम मूळ मीटर राखून, अतिशय जाणतेपणाने झाले, म्हणून हा अभिप्राय.

कारागिरांनी सुरुवातीला डॅशबोर्डला हातच लावला नाही. “काका, आधी अर्थिंग बघू, काटा नंतर,” असे म्हणून त्यांनी टाकीच्या पत्र्यापासून चॅसिसपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, एक तार जोडली, आणि काटा तिथल्या तिथे खाली आला. या जुन्या स्मिथ्स मीटरमध्ये टाकीत पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटच्या युनिटचा विद्युत रोध वाढला की काटा वर जातो. त्यामुळे गंजलेल्या अर्थिंगचा जादा रोध रिकाम्या टाकीतही पेट्रोल दाखवत होता. पुढे त्यांनी पितळी फ्लोट काढून कानाशी हलवला. आत पेट्रोल खळखळत होते, म्हणून जड झालेला फ्लोट पुरता वर येत नव्हता आणि काटा पाऊणवर अडत होता! गरम पाण्यात बुडवताच सांध्यातून बुडबुडे आले, तेव्हा आतले पेट्रोल पूर्ण काढून, फ्लोट सुकवून मगच त्यांनी सांध्याला सोल्डरचा डाग दिला.

काटा जुळवण्याचे काम सर्वांत शेवटी झाले. या मीटरमध्ये काटा दोन कॉइलींच्या (तारेच्या वेटोळ्यांच्या) चुंबकीय ओढीच्या प्रमाणावर ठरतो, म्हणून बॅटरीच्या व्होल्टेजमधील चढउतार त्याला फारसा जाणवत नाही. नंतरच्या बायमेटल (तापल्यावर वाकणाऱ्या दुधातू पट्टीच्या) मीटरांना मात्र १० व्होल्टचा स्टॅबिलायझर लागतो, हा फरक त्यांना पक्का ठाऊक आहे. एक कॉइल सरकवली की दुसरे टोकही थोडे हलते, त्यामुळे गाडी सपाट जागी उभी करून ते ‘रिकामी’ आणि ‘भरलेली’ या दोन्ही खुणा आलटून पालटून, कंटाळा न करता जुळवत राहिले.

मजुरी ८०० रुपये पडली, ती मला रास्त वाटली. काम सावकाश चालते आणि पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, एवढीच उणीव आहे. टाकी जवळजवळ रिकामी असल्याशिवाय कारागीर फ्लोटचे युनिट उघडत नाहीत, तेव्हा जाताना पेट्रोल भरून नेऊ नये.