डॉज ए१०० चं जुनं स्लँट सिक्स इंजिन: रिफ्रेश करून दीड सीझन चालवल्यानंतरचा अनुभव

बरेच जण विचारतात की व्हॅनच्या इंजिनचं पुढे काय झालं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. गाडी डॉज ए१००, १९६६ ची. चपट्या तोंडाची व्हॅन, बॉनेट नाहीच, इंजिन दोन सीटच्या मधोमध झाकणाखाली. मॅटाडोरमध्ये पुढे बसून मे महिन्यात मांड्या भाजून घेतलेल्यांना जास्त सांगायला नको. इंजिन २२५ स्लँट सिक्स, म्हणजे ३.७ लिटर, सहा सिलिंडर एका ओळीत पण सगळी ओळ ३० अंश उजवीकडे कललेली. क्रायस्लरने हे इंजिन १९६० च्या मॉडेलपासून आणलं. कलतं असल्याने उंची कमी होते, वॉटर पंप बाजूला सरकवता येतो म्हणून लांबीही थोडी वाचते. मी मिशिगनमध्ये राहतो, हे इंजिन इथल्याच ट्रेंटनला बनायचं, त्यामुळे त्यावर हात बसलेले म्हातारे मिस्त्री अजून सापडतात, हा मोठा फायदा.

माझं मत आधीच सांगून टाकतो: या इंजिनला फुल रिबिल्डची गरज बहुतेक वेळा नसते, हेड (सिलिंडरवरचं व्हॉल्व्हवालं झाकण) नीट करा आणि सेटिंगला वेळ द्या. आमच्या गाडीला निळा धूर होता, एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत दाबलेल्या हवेचा दाब) बाकीच्यांच्या जवळपास निम्मं, आणि सगळीकडून ऑईल. लोक म्हणाले काढून टाक, आठ सिलिंडरचं व्ही८ बसव. पण उघडून मापं घेतली तर बोअर (सिलिंडरची आतली भोकं) फारसे झिजलेले नव्हते आणि क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा, तर मस्तच, त्या काळातली फोर्ज्ड म्हणजे ठोकून घडवलेली क्रँक, मेन बेअरिंग चारच पण चांगली दणकट. मग फक्त होनिंग (बोअर आतून हलकेच घासणं), स्टँडर्ड साईझच्या नव्या रिंगा, नवी बेअरिंग, टायमिंग चेन आणि सगळी गॅसकेट. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जुनाच ठेवला, म्हणून त्यावर टेकणारे टॅपेट काढतानाच नंबर घालून ठेवले आणि ज्याच्या त्याच्या जागीच परत घातले, त्यांची अदलाबदल झाली की कॅमची वाट लागते.

पैसा गेला तो हेडमध्ये. कमी कॉम्प्रेशनवाल्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेने जळलेला होता आणि त्याची सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती कडा, आत बसलेली. जुन्या पेट्रोलमधलं शिसं सीटला एक प्रकारचं संरक्षण द्यायचं, इथे १९९६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांना शिसंवालं पेट्रोल पूर्ण बंद, त्यामुळे एक्झॉस्टला कडक सीटा बसवून घेतल्या. मशीन शॉपवाल्याने ‘दोन आठवडे’ म्हणून जे ताटकळत ठेवलं ते सोडा, काम मात्र एक नंबर केलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मॅनिफोल्ड, म्हणजे हेडला हवा-पेट्रोल आणणारे आणि धूर बाहेर नेणारे नळ. इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकावर एक, तीन बोल्टने एकमेकांना जोडलेले. हे जोडलेलेच ठेवून हेडवर आवळले की काही दिवसांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकतो. त्या तीन बोल्टना आधी सैल सोडायचं, मग जोडी हेडवर बसवून नटांना फक्त १० पाउंड-फूट, म्हणजे जवळजवळ काहीच नाही, आणि ते झाल्यावर ते तीन आवळायचे. लोखंड तापलं की पसरतं, त्याला सरकायला जागा हवी. दणकट हाताचा मित्र मदतीला असेल तर त्याला चहा करायला पाठवा.

टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट लावणं, इंजिन गरम करून, चालू ठेवून करतात. इनटेक १० थाऊ, एक्झॉस्ट २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). झाकण उघडं, फट मोजायची पातळ पट्टी म्हणजे फिलर गेज हातात, रॉकर समोर टकटक करतायत, आणि ऑईलचे थेंब शर्टावर. गेज हलकंसं अडकून सरकलं पाहिजे, ते बोटांनाच कळतं. ए१०० मध्ये हे सगळं गाडीत सीटवर बसून करता येतं, पावसात सुद्धा, एवढी सोय कुठल्याच गाडीत नाही. व्हॉल्व्हच्या नव्या सीटा बसेपर्यंत सुरुवातीला एकदा परत तपासा, एक्झॉस्टची फट कमी झालेली सापडते. टकटक थोडी राहणारच, या इंजिनचा आवाजच तो. आवाज बंद व्हावा म्हणून फट कमी ठेवणारे पुढे व्हॉल्व्ह जाळतात.

ठिणगीसाठीचे जुने पॉइंट-कंडेन्सर काढून नंतरच्या क्रायस्लर गाड्यांचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर टाकला, या इंजिनवर तो सहज बसतो. फक्त खालचा गिअर नायलॉनचा असतो, जुना घेतलात तर तो तडकलाय का बघून घ्या. थंडीत आता अर्ध्या सेल्फला चालू होते.

दीड सीझननंतर काय? धूर गेला. ऑईल दोन बदलांच्या मध्ये टॉप-अप करावं लागत नाही. झिंकवालं ऑईल वापरतो, कारण टॅपेट सपाट, कॅमवर घासतात, झिंक त्यांना झिजण्यापासून वाचवतं. क्रँकचं मागचं सील जुन्या दोरीच्या जागी रबराचं टाकलं तरी गॅरेजमध्ये एखादा थेंब दिसतो, मी सोडून दिलंय. मायलेज गॅलनला १६-१७ मैल, म्हणजे लिटरला जेमतेम सात किलोमीटर, विटेला चाकं लावल्यावर दुसरं काय होणार. ताशी ५५ मैलांवर निवांत जाते, ६५ ला झाकणाखालून एवढा आवाज येतो की बायको शेजारी बसून फोन करायचं टाळते.

न सुटलेली कटकट एकच. कार्बोरेटर एक्झॉस्टच्या डोक्यावर, त्यात पेट्रोलमध्ये इथेनॉल. उन्हाळ्यात पंपावर पाच-दहा मिनिटं थांबलं की परत चालू व्हायला कुरकुरते, पेट्रोल आतच उकळतं. पेडल अर्धं दाबून धरून सेल्फ मारला की होते. कार्बोरेटरखाली जाड इन्सुलेटर आणि पेट्रोलच्या पाईपला वेगळी वाट, हे येत्या हिवाळ्यात करणार, तसंही रस्त्यावर मीठ पडलं की गाडी आतच उभी असते.