ब्रश की एअरब्रश? आधी हवा बघा

पहिलं १:७२चं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) प्लास्टिकचं मॉडेल विमान जोडून झालं, की रंगाशी येऊन हात थांबतो. ब्रशवर भागवावं की एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं यंत्र, घ्यावा? पुण्यामुंबईचे जाणकार डोळे झाकून एअरब्रश सांगतात. गोव्यात मात्र महिना कुठला चाललाय, ते आधी विचारावं लागतं.

ब्रशसाठी व्हालेहो कंपनीचे पाण्यावरचे अ‍ॅक्रिलिक रंग घ्या. दुधाइतके पातळ करून दोन-तीन हात द्यायचे, मधे नीट वाळू द्यायचं. वास नाही, त्यामुळे घरचे कुरकुरत नाहीत. तामिया कंपनीचे अ‍ॅक्रिलिक ब्रशला दगा देतात: दुसरा हात मारताना खालचा थर उठतो. एअरब्रशमधून तेच रेशमासारखे बसतात. एनॅमल ब्रशला छान, पण वाळायला दिवस दिवस घेतं आणि तेवढ्यात त्यावर धूळ बसते.

एअरब्रशचं मोल कळतं ते मोठ्या, एकरंगी पंखांवर. आपल्या नौदलाचं सी हॅरियर हे लढाऊ विमान घ्या. १९८३ मध्ये दाबोळीला आलं तेव्हा वर गडद करडं, पोटाला पांढरं होतं. करडा ब्रशनेही जमतो. पांढरा मात्र छळतो: चार हात देऊनही खालचं प्लास्टिक डोकावतं, पाचव्यात पॅनलच्या (पत्र्यांच्या जोडांच्या) कोरीव रेषा बुजतात. ०.३ मिमीची सुई, १५-२० पीएसआय दाब, की तोच पांढरा तलम बसतो.

पण जूननंतर कॉम्प्रेसर हवेसोबत पाणीही ओढतो. पाइपात थेंब साचतो आणि ऐन पंखावर थुंकतो. वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी वाटी) नसेल तर मशीन घेऊच नका. लॅकर (उग्र थिनरचा रंग) असेल तर मास्क आणि उघडी खिडकीही हवी; म्हणजे पाऊस आत आलाच.

शेवटच्या मॅट (चमक मारणाऱ्या) थराला तर ब्रश-एअरब्रश असा भेदच नाही, दमट हवा दोन्हीकडे छळते. एका जुलैत बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) बसून मी डब्यातला लॅकरचा मॅट स्प्रे मारला. पाच मिनिटांत अख्ख्या विमानावर पिठासारखी पांढरी साय! उडत्या थिनरने थर गार केला आणि त्यावर हवेतलं बाष्प बसलं. कोरड्या दिवशी ग्लॉसचा (चकचकीत वॉर्निशचा) हलका हात दिल्यावर बरंचसं निवळलं, डिकल (विमानावरच्या खुणांची स्टिकरं) वाचले.

पहिली दोन किट ब्रशने करा, सी हॅरियर नंतर. एअरब्रश चवथ (गणेश चतुर्थी) उरकून पाऊस ओसरल्यावर घ्या. तोवर पोटाच्या पांढऱ्यासाठी पांढऱ्या प्रायमरचा (रंगाखालच्या अस्तराचा) एक स्प्रे डबा पुरतो, फक्त ऊन पडलेली सकाळ गाठा.