तिसऱ्या मजल्यावर चार फुटी टाकी, बनवून घेतल्याचा अनुभव

आमच्याकडे दोन ऑस्कर मासे आहेत, दोन फुटी टाकीत त्यांना धड वळताही येत नव्हतं, हा मासा नीट वाढला तर फूटभर होतो त्यामुळे मोठी टाकी घ्यायचीच होती. पण आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंग जुनी, आणि आईचा एकच प्रश्न, स्लॅबला झेपेल का?

आधी एका दुकानात विचारलं तर "काही होत नाही, सगळे ठेवतात", बास. एकूण वजन किती होईल तेही सांगता आलं नाही. मग मित्राने ऑर्डरप्रमाणे टाक्या बनवणारा एक जण सुचवला, हा रिव्ह्यू त्याच्या कामाचा.

ऑर्डर घ्यायच्या आधी हा माणूस स्वतः घरी आला हेच मला सगळ्यात आवडलं. कागदावर हिशोब मांडला, 4 फूट लांब, दीड रुंद, दीड उंच म्हणजे काठोकाठ 255 लिटर, दोन इंच खाली भरली तरी सव्वादोनशे, आणि लिटरला एक किलो. 10 एमएमची काच 50 किलोच्या वर, त्यात वाळू, दगड, लोखंडी स्टँड, सगळं धरून साडेतीनशे ते चारशे किलो आणि ते जेमतेम सहा चौरस फुटांवर, म्हणजे अर्ध्या चौरस मीटरपेक्षा जरा जास्त जागेवर. घराचा स्लॅब आयएस 875 (इमारतीवर किती भार धरायचा याचं भारतीय मानक) प्रमाणे चौरस मीटरला साधारण 200 किलो धरून डिझाइन करतात, त्यामुळे खोलीच्या मधोमध किंवा गॅलरीत अजिबात नको, भिंतीलगत, खाली बीम असेल तिथे आणि शक्यतो कॉलमजवळ.

मला हॉल आणि किचनच्या मधल्या भिंतीला लावायची होती. तर आम्ही खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो, त्यांच्या छताला बघितलं तर त्या भिंतीखाली बीमच नाही! बाहेरच्या भिंतीखाली आहे, मग कोपरा ठरला. "काचेची गॅरंटी माझी, स्लॅबचं इंजिनियरला विचारा" असं त्यानेच सांगितलं. सोसायटीचा स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट घेऊन इंजिनियरला दाखवला, त्याने जागा बघून हो म्हटल्यावरच अॅडव्हान्स दिला. काकूंना विचारूनच पुढे गेलो, पाणी गळलं तर पहिलं त्यांचंच छत भिजणार ना.

काचेचं काम खरंच सुंदर आहे. सिलिकॉनची रेघ एकसारखी, वरून ब्रेसिंग म्हणजे आधाराच्या पट्ट्या, त्याच्याकडे तीन दिवस पाणी भरून ठेवली होती त्याचे फोटो पाठवले. घरी आणल्यावर स्टँडच्या पायांखाली जाड प्लाय टाकला म्हणजे वजन चार टोकांवर येत नाही, टाकीखाली फोम, लेव्हल बघून अर्धी भरली, रात्रभर ठेवली, परत लेव्हल बघितली आणि मग पूर्ण भरली.

आता तक्रार. डिलिव्हरी नऊ दिवस उशिरा, त्याचा फोन नाही काही नाही. ते सोडून देऊ. पण एअर पंप त्याने खाली कॅबिनेटमध्ये ठेवला, पाण्याच्या लेव्हलच्या खाली, आणि नळीला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) नाही. दुसऱ्याच आठवड्यात रात्री लाईट गेली, पंप बंद पडला आणि टाकीतलं पाणी त्याच नळीतून उलटं खाली यायला लागलं. आईला टपटप ऐकू आलं म्हणून उठलो, तोपर्यंत अर्धी बादली जमिनीवर आणि खाली एक्स्टेन्शन बोर्ड. हातपाय गार पडले माझे. मेन स्विच बंद करून मग हात लावला.

सांगितल्यावर तो दुसऱ्या दिवशी आला, व्हॉल्व्ह लावला, पैसे घेतले नाहीत. बोर्ड मी इलेक्ट्रिशियनकडून भिंतीवर वर घेतला, प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबेल अशी ठेवली म्हणजे पाणी ओघळलं तरी प्लगमध्ये जात नाही, आणि त्या लाईनला 30 मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन बंद करणारा स्विच) बसवला. हे बसवतानाच व्हायला हवं होतं.

टाकीला पाचपैकी पाच, बसवण्याला तीन. मी परत त्याच्याकडेच जाईन, फक्त व्हॉल्व्ह आणि वायरिंगचं ऑर्डर देतानाच बोलून घेईन.