फास्ट चार्जिंगसाठी ॲनोड निवडताना: ग्राफाइट, सिलिकॉन की टायटॅनियम-नायोबियम?

प्रोजेक्टसाठी लिथियम-आयन बॅटरीच्या ॲनोडचं (चार्ज होताना लिथियम साठवणाऱ्या टोकाचं) मटेरियल ठरवताना ग्रॅममागच्या क्षमतेला भुलू नका. ग्राफाइट 372 मिलिअँपिअर-तास, सिलिकॉन सुमारे 3,580. कागदावर सामना एकतर्फीच वाटतो. पण हा हिशेब करून बघा: दर चौरस सेंटिमीटरला 3 मिलिअँपिअर-तास बसवून दहा मिनिटांत चार्ज करायचं, तर नखाएवढ्या जागेतून 18 मिलिअँपिअर गेले पाहिजेत. याउलट पातळ थराच्या कॉइन सेलमध्ये (नाण्याएवढ्या चाचणी-बॅटरीत) जवळपास सगळंच वेगवान दिसतं.

ग्राफाइटमध्ये लिथियम शिरतं ते लिथियम धातूपेक्षा जेमतेम 0.1 व्होल्ट वर. घाई केली किंवा थंडी असली, की आयन आत जाण्याऐवजी वरच धातू होऊन साचतात. असा सेल ग्लव्हबॉक्समध्ये (हवा न शिरणाऱ्या, हातमोजे बसवलेल्या पेटीत) उघडला की लगेच कळतं. पूर्ण चार्ज झालेलं ग्राफाइट चक्क सोनेरी असतं, आणि त्या सोनेरी पट्टीवर राखाडी चट्टे दिसतात. त्यातलं बरंचसं लिथियम परत कामाला येत नाही. त्याच्या सुया वाढल्या तर शॉर्ट सर्किटची भीती.

सिलिकॉनचा मला आवडणारा गुण म्हणजे तेवढ्याच क्षमतेला थर बराच पातळ लागतो, आयनांचा रस्ता कमी होतो. पण पूर्ण भरताना कण तिपटीहून जास्त फुगतात, रिकामे होताना आकसतात आणि तडकतात. प्रत्येक नव्या तड्यावर इलेक्ट्रोलाइटचं (आयन वाहून नेणाऱ्या द्रवाचं) विघटन होतं आणि लिथियम खर्ची पडतं. समोर लिथियम धातू लावून चाचणी घेतली तर ही घट झाकली जाते, कारण तिथे लिथियम अमाप असतं. म्हणून पहिल्या महिन्यातच खरा कॅथोड (बॅटरीचं दुसरं टोक) लावून फुल सेल बनवाच. बाजारातल्या सेलमध्ये सिलिकॉन बहुधा ग्राफाइटमध्ये थोडंसं मिसळलेलं असतं, ते याचमुळे.

लिथियम टायटनेट 1.55 व्होल्टवर चालतं. धातू साचण्याची भीती जवळपास नाही, आकारमान बदलत नाही, चार्ज-डिस्चार्जच्या हजारो सायकल मिळतात, तांब्याऐवजी ॲल्युमिनियम फॉइल चालते. मात्र क्षमता 175, आणि सेलचा व्होल्टेज 3.7 वरून 2.3 च्या आसपास घसरतो. टायटॅनियम-नायोबियम ऑक्साइडची सैद्धांतिक क्षमता 387 आहे. व्होल्टेजची तूट तिथेही राहते, शिवाय नायोबियम मुख्यतः ब्राझीलहून येतं.

दर फेरीनंतर डेपोत चार्ज होणाऱ्या बससाठी मी टायटनेट किंवा नायोबियम घेईन. लांब पल्ल्याच्या कारसाठी ग्राफाइट आणि थोडं सिलिकॉन. हातात एकच वर्ष असेल तर नवं मटेरियल शोधत बसू नका. जाड ग्राफाइट थरात आयनांना सरळ वाटा करून देण्यावर काम करा.